सिंगापूर (मिशिगन)

सिंगापूर हे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ॲलेगन काउंटीमधील एक लुप्त गाव होय. मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर, कॅलमझू नदीच्या मुखाजवळ, १८३६ साली ते वसवण्यात आले. शिकागो आणि मिल्वॉकी यांच्या तोडीचे बंदर उभारावे, असा संस्थापकांचा मनसुबा होता. तो सिद्धीस गेला नाही. मात्र त्यानंतर सुमारे चार दशके हे गाव लाकूड कापण्याच्या गिरण्यांवर, म्हणजे आरागिरण्यांवर, तगून राहिले. आसपासचे जंगल संपल्यावर १८७५ च्या सुमारास येथील उरलेला उद्योग बंद झाला, रहिवासी निघून गेले आणि पुढे सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांनी गावाची जागा झाकून टाकली.

'वाळूत गाडले गेलेले गाव' अशी सिंगापूरची ख्याती असून मिशिगनमधील ओसाड गावांमध्ये त्याचे नाव बहुधा सर्वांत आधी घेतले जाते. तथापि वाळू येण्यापूर्वीच गावाचे प्राण गेलेले होते. ज्या लाकडासाठी गाव उभे राहिले ते संपताच गिरण्या, दुकाने आणि पुष्कळशी घरेदेखील दुसरीकडे हलवण्यात आली, आणि जे मागे उरले त्यावर वाळू चढली. हा क्रम लक्षात न घेतल्यास सिंगापूरची कथा केवळ एका नैसर्गिक आपत्तीची कथा वाटू लागते.

स्थान

कॅलमझू नदी मिशिगन राज्याच्या नैर्ऋत्य भागातून पश्चिमेकडे वाहत जाऊन मिशिगन सरोवरास मिळते. एकोणिसाव्या शतकात मुखाजवळ नदीला मोठे वळण होते. या वळणाच्या परिसरात, नदीच्या उत्तर काठावर सिंगापूर वसले होते. नदीच्या वरच्या अंगाला थोड्या अंतरावर सॉगटक हे गाव असून त्या काळी त्यास 'द फ्लॅट्स' (सपाट जमीन) असे म्हणत. येथील पहिला गौरवर्णीय वसाहतकार विल्यम बटलर १८३० मध्ये आला. सिंगापूरच्या भरभराटीच्या काळात सॉगटक हे त्याच्या सावलीतले लहान गाव होते. आज नकाशावर सॉगटकच उरले आहे.

सिंगापूर ज्या जमिनीवर उभे होते ती सरोवर आणि नदी यांच्या मधली वाळूची पट्टी होती. मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या गोड्या पाण्याच्या काठी आढळणाऱ्या जगातील सर्वांत मोठ्या टेकड्यांपैकी आहेत. पश्चिमेकडून येणारे वारे वर्षाचा बराच काळ सरोवरावरून किनाऱ्याकडे वाहतात आणि पुळणीवरची वाळू आत ढकलत राहतात. गवत, झुडपे आणि त्यामागचे जंगल या वाळूला थोपवून धरतात. बंदरासाठी जागा सोयीची होती, कारण नदीतून माल आणता येई आणि सरोवरातून तो बाहेर धाडता येई. गाव म्हणून मात्र तिचे अस्तित्व झाडांच्या भरवशावर होते.

आशियातील सिंगापूरशी या गावाचा कोणताही थेट संबंध नव्हता. ब्रिटिशांनी ते व्यापारी ठाणे १८१९ मध्ये स्थापन केले होते.

स्थापना आणि जमिनीचा सट्टा

नैर्ऋत्य मिशिगनमधील ही भूमी ओडावा, ओजिब्वे आणि पोटावाटोमी या मूलनिवासी समाजांची होती. १८२१ च्या शिकागो येथील तहाने ग्रँड नदीच्या दक्षिणेकडील मोठा प्रदेश अमेरिकेच्या केंद्रशासनाकडे गेला. त्यानंतर सरकारी मोजणी होऊन जमिनी विक्रीस काढण्यात आल्या. १८३० च्या दशकाच्या मध्यास पूर्वेकडील राज्यांतून आलेल्या खरेदीदारांची येथे अक्षरशः झुंबड उडाली. सरकारी जमिनीचा किमान दर एकरी सव्वा डॉलर होता. कॅलमझू येथील जमीन-कार्यालयातून १८३६ या एका वर्षात १६ लाख एकरांहून अधिक जमीन विकली गेली. घेणाऱ्यांपैकी सर्वच शेतकरी नव्हते. नदीच्या मुखावरची मोक्याची जागा घ्यायची, कागदावर रस्ते आणि चौक आखायचे, भूखंड पाडायचे आणि ते दूरच्या शहरांतील गुंतवणूकदारांना चढ्या भावाने विकायचे, हा त्या काळचा फोफावलेला धंदा होता. अशा अनेक 'कागदी शहरां'पैकी बहुतेकांची एकही वीट रचली गेली नाही.

सिंगापूरचा संस्थापक ओशिया वाइल्डर हा न्यू यॉर्क राज्यातून आलेला जमिनीचा व्यापारी होता. शिकागो तेव्हा जेमतेम उभे राहत होते. १८३३ मध्ये त्यास गावाचा आणि १८३७ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. १८४० च्या जनगणनेतही त्याची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत होती. त्यामुळे कॅलमझूच्या मुखावरचे नवे गाव त्याच्याशी स्पर्धा करील, ही अपेक्षा आज वाटते तितकी हास्यास्पद नव्हती. सरोवराच्या काठावर कोणत्या जागेचे नशीब उघडेल, हे कोणालाही ठाऊक नव्हते. पुढे रेल्वेमार्ग आणि कालवा यांनी तो प्रश्न शिकागोच्या बाजूने सोडवला.

इतर कागदी शहरांपेक्षा सिंगापूर वेगळे ठरले, कारण येथे प्रारंभीच एक गिरणी उभी राहिली. भूखंडांचा बाजार कोसळल्यावरही लाकडाला गिऱ्हाईक होते. १८३९ मध्ये नदीच्या मुखाजवळ दीपगृह बांधण्यात आले, यावरून तेथील जहाजांची ये-जा शासनाच्या दृष्टीने दखलपात्र झाली होती असे दिसते.

सिंगापूरची बँक

सिंगापूरच्या कीर्तीतला, किंवा अपकीर्तीतला, मोठा वाटा तेथील बँकेचा आहे. मिशिगन २६ जानेवारी १८३७ रोजी अमेरिकेचे सव्विसावे राज्य झाले आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात राज्याच्या विधिमंडळाने बँकांविषयीचा एक सर्वसाधारण कायदा केला. तोवर प्रत्येक बँकेसाठी विधिमंडळाकडून स्वतंत्र सनद घ्यावी लागे. नव्या कायद्याने ठरावीक अटी पाळणाऱ्या कोणत्याही जमीनधारकांच्या गटास बँक काढण्याची आणि स्वतःच्या नोटा छापण्याची मुभा दिली. भांडवलाचा काही हिस्सा सोन्याचांदीच्या नाण्यांत बँकेच्या तिजोरीत असावा, ही त्यातली महत्त्वाची अट होती.

यानंतर दोनच महिन्यांनी, मे १८३७ मध्ये, अमेरिकेत मोठे आर्थिक संकट आले आणि देशभरातील बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणी देणे थांबवले. मिशिगनने आपल्या बँकांनाही तशी तात्पुरती सवलत दिली. नोट छापता येते, पण तिच्या बदल्यात नाणे द्यावे लागत नाही, अशी ही विलक्षण अवस्था होती. परिणामी सुमारे वर्षभरात राज्यात चाळीसहून अधिक नव्या बँका निघाल्या. त्यांतल्या कित्येक जंगलाच्या कडेला होत्या, जिथे माणसांपेक्षा रानमांजरे अधिक भेटावीत. अशा बँकांना अमेरिकेत 'वाइल्डकॅट' म्हणजे रानमांजर बँका म्हणतात. सिंगापूरची बँक त्यांपैकीच एक होती.

राज्याने नेमलेले बँक-आयुक्त गावोगाव फिरून तिजोऱ्या तपासत. पुढे राज्याचे गव्हर्नर झालेले अल्फियस फेल्च हे अशा आयुक्तांपैकी एक होते. तपासनीस एका बँकेतून निघाले की तेथलीच नाणी आडवाटेने पुढच्या बँकेत पोहोचत, तर कुठे पेटीत तळाशी खिळे भरून वर नाण्यांचा एक थर रचलेला असे. सिंगापूरविषयी स्थानिक परंपरेत सांगितली जाणारी गोष्ट याच जातीची आहे. ॲलेगन येथील बँक आणि सिंगापूरची बँक यांच्यात नाण्यांचा एकच साठा होता. ॲलेगनची तपासणी उरकली की तपासनिसाला तेथील खाणावळीत मद्य पाजून रेंगाळत ठेवायचे आणि तेवढ्यात नाणी नदीमार्गे सिंगापूरला न्यायची, असा तो बेत असे. गोष्टीचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. एका रूपात तर नाणी घेऊन जाणारी होडीच वाटेत उलटते.

या बँका जशा झपाट्याने निघाल्या तशाच बुडाल्या आणि त्यांच्या नोटा बाळगणारे शेतकरी, मजूर आणि दुकानदार यांचे नुकसान झाले. १८४४ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १८३७ चा तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. सिंगापूरच्या बँकेच्या नोटा आज नाणी-नोटांच्या संग्राहकांकडे आढळतात. ज्या दिवशी त्या छापल्या गेल्या त्या दिवसापेक्षा आज त्यांना अधिक खात्रीचे मोल आहे.

बँक बुडाली आणि सट्टेबाजांनी हात आखडता घेतला, तरी गाव लगेच उठले नाही. याच काळातील एक आख्यायिका १८४२ च्या हिवाळ्याविषयी आहे. चाळीस दिवस चाललेल्या बर्फाच्या वादळात गाव जगापासून तुटले, अन्न संपत आले आणि अशा वेळी 'मिल्वॉकी' नावाचे जहाज किनाऱ्याजवळ फुटले. त्यावरील धान्यसामग्रीवर गावकऱ्यांनी तो हिवाळा काढला, असे सांगतात. दिवसांचा आकडा बायबलमधील चाळिसाशी जुळणारा असल्याने तो शब्दशः घेऊ नये. जहाज फुटणे मात्र या किनाऱ्यावर नवलाचे नव्हते.

आरागिरण्यांचे गाव

सिंगापूरचे खरे आयुष्य १८४० नंतरचे आहे. शिकागोला मागे टाकण्याचे स्वप्न सोडून दिल्यावर हे गाव त्याच शिकागोचे पुरवठादार बनले. शिकागोच्या पश्चिमेला इलिनॉय, आयोवा आणि त्यापलीकडची राज्ये हा बहुतांशी गवताळ मैदानांचा प्रदेश आहे. तेथे जमीन सुपीक होती, पण घर, कोठार आणि कुंपण यांसाठी लाकूड नव्हते. मिशिगनकडे लाकूड होते. सरोवराच्या एका काठावर झाडे, दुसऱ्या काठावर गिऱ्हाईक आणि मधे फुकटची जलवाट, एवढ्यावर अख्ख्या किनाऱ्यावरील गिरण्यांची गावे उभी राहिली. शिकागोची लोकसंख्या १८७० मध्ये तीन लाखांच्या घरात गेली. ते शहर मुख्यतः लाकडाचे होते.

या व्यापाराचा पाया पूर्व अमेरिकी श्वेत पाइन हा वृक्ष होता. त्याचा सोट सरळ आणि उंच असतो, लाकूड हलके, मऊ आणि करवतीला सोपे असते आणि ते कुजण्यास व फुटण्यास चांगला विरोध करते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते पाण्यावर सहज तरंगते. ओक, मॅपल यांसारखी जड लाकडे नदीतून वाहून आणणे कठीण असल्याने ती पुष्कळ ठिकाणी मागे राहिली आणि नदीकाठचा पाइन आधी संपला. कोणत्या झाडावर कुऱ्हाड पडणार हे बऱ्याच अंशी नदीने ठरवले.

काम ऋतूंप्रमाणे चाले. हिवाळ्यात जमीन गोठली की तोडणारे जंगलातील तळांवर राहावयास जात. झाडे पाडून त्यांचे ठरावीक लांबीचे ओंडके केले जात आणि बैल वा घोडे जुंपलेल्या घसरगाड्यांवरून ते बर्फावरून नदीकाठी ओढून आणले जात. प्रत्येक मालक आपल्या ओंडक्यांच्या टोकांवर लोखंडी हातोड्याने स्वतःची खूण उमटवी. मराठी मुलखात गुरांना डाग देतात त्याच हेतूने ही खूण असे, कारण वसंतात बर्फ वितळून नदी फुगली की सर्वांचे ओंडके एकाच प्रवाहात सोडले जात. नदीच्या खालच्या अंगाला साखळीने जोडलेल्या ओंडक्यांचा आडबांध घालून हा सारा माल अडवला जाई आणि खुणेप्रमाणे निवडून ज्याच्या त्याच्या गिरणीकडे ढकलला जाई. वाहत्या ओंडक्यांचा मधेच अडकून ढीग झाला तर तो सोडवणे हे या व्यवसायातील सर्वांत जीवघेणे काम होते.

प्रारंभीच्या गिरण्यांमध्ये वरखाली चालणारी सरळ पात्याची करवत असे. तिचा वेग मंद होता. नंतर वाफेच्या इंजिनावर फिरणाऱ्या गोल चकतीच्या करवती आल्या आणि एका दिवसात निघणाऱ्या फळ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. गिरणीतील कचऱ्यावर, म्हणजे सालपटे, कडेच्या फळ्या आणि भुसा यांवर, तिचे बॉयलर चाले. इंधन विकत घ्यावे लागत नसे. मात्र चकती जाड असल्याने प्रत्येक कापात लाकडाचा बराच भाग भुसा होऊन जाई. जंगल अमर्याद आहे अशी समजूत असल्यामुळे या नासाडीची फिकीर कोणी केली नाही. जे झाड वाढायला शंभराहून अधिक वर्षे लागली त्याच्या एवढ्या वाट्याला शेवटी चूल किंवा नदीचा तळ मिळाला.

कापलेला माल धक्क्यावर रचून वाळवला जाई आणि स्कूनर जातीच्या शिडाच्या जहाजांतून शिकागोच्या वखारींकडे धाडला जाई. सिंगापूर आणि सॉगटकच्या परिसरात जहाजबांधणीचाही व्यवसाय चाले. गाव ऐन भरात असताना येथे तीन गिरण्या, दोन हॉटेले आणि अनेक किराणा-भुसाराची दुकाने होती. लोकसंख्या कधीही काही शेकड्यांच्या पलीकडे गेली नाही. 'शहर' हा शब्द सिंगापूरला लावला जातो तो संस्थापकांच्या नकाशामुळे, प्रत्यक्ष वस्तीमुळे नव्हे. रहिवासी मुख्यतः गिरणीचे कामगार, खलाशी आणि त्यांची कुटुंबे होती, आणि कामाचा मालक, दुकानाचा मालक व घराचा मालक बहुधा एकच असे. त्यामुळे गिरणी चालू असेतो गावात बरकत होती. ती बंद पडल्यास गावाला दुसरा कोणताही आधार नव्हता. जमीन वाळूची असल्याने शेती करून राहण्याचा पर्यायही नव्हता.

या काळातील सर्वांत ठळक नाव फ्रान्सिस स्टॉकब्रिज यांचे आहे. मेन राज्यातील बाथ येथे १८२६ मध्ये जन्मलेले स्टॉकब्रिज १८४७ मध्ये शिकागोला आले व त्यांनी लाकडाची वखार काढली. १८५१ मध्ये ते ॲलेगन काउंटीत आले आणि गिरण्यांचे मालक झाले. म्हणजे वखार आणि गिरणी ही व्यापाराची दोन्ही टोके त्यांना आतून माहीत होती. पुढे ते राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य झाले आणि १८८७ पासून १८९४ मधील मृत्यूपर्यंत अमेरिकेच्या सिनेटमध्ये मिशिगनचे प्रतिनिधी होते. सिंगापूर नकाशावरून गेले, पण तेथील लाकडाने उभी केलेली संपत्ती आणि सत्ता टिकली.

१८७१ च्या आगी

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री, दीर्घ अवर्षणानंतर सुटलेल्या जोरदार वाऱ्यात, मिशिगन सरोवराच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी भीषण आगी भडकल्या. शिकागो शहरात सुमारे ३०० माणसे मरण पावली, १७,००० हून अधिक इमारती जळाल्या आणि सुमारे एक लाख लोक बेघर झाले. त्याच रात्री विस्कॉन्सिनमधील पेश्टिगो हे गाव भस्मसात झाले. त्या आगीतील मृतांची संख्या १,२०० ते २,५०० च्या दरम्यान मानली जाते. जीवितहानीच्या दृष्टीने ती अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत मोठी वणव्याची दुर्घटना आहे. पेश्टिगो हेही आरागिरणीचेच गाव होते, आणि तोडीनंतर जंगलात पडून राहिलेल्या सुक्या फांद्या व भुसा यांनी तेथे आगीला खाद्य पुरवले. मिशिगनमध्ये सिंगापूरच्या उत्तरेस सुमारे १६ किलोमीटरवर असलेले हॉलंड हे गाव बहुतांशी जळाले.

सिंगापूर या आगीतून वाचले. तीन जळालेल्या गावांच्या मधोमध लाकडाचे धक्के, जहाजे आणि गिरण्या शाबूत असलेले हे ठिकाण होते. पुनर्बांधणीसाठी लाकडाची मागणी एकाएकी वाढली आणि गिरण्या जोरात चालू लागल्या. आसपासची उरलीसुरली झाडे, किनाऱ्यालगतच्या झाडांसह, याच काळात तोडली गेली, असे सामान्यतः सांगितले जाते. मात्र तीस-पस्तीस वर्षांच्या सततच्या तोडीने कॅलमझूच्या खोऱ्यातील चांगला पाइन १८७१ पूर्वीच विरळ झालेला होता. आगींनंतरच्या मागणीने ऱ्हास सुरू केला नाही. जे दहा वर्षांत संपले असते ते तिने तीन-चार वर्षांत संपवले. १८७३ मध्ये अमेरिकेत पुन्हा आर्थिक मंदी आली.

गावाचा शेवट

जंगल दूर गेले की आरागिरणीही जंगलामागे जाते. या व्यवसायात यंत्रे मौल्यवान आणि जागा बिनमोलाची असल्याने गिरणी खोलून जहाजावर चढवणे आणि नव्या जंगलाच्या तोंडाशी पुन्हा उभारणे ही रूढ पद्धत होती. १८७५ च्या सुमारास सिंगापूरची शेवटची गिरणी बंद झाली आणि तिची यंत्रसामग्री उत्तरेला, मॅकिनॅक सामुद्रधुनीवरील सेंट इग्नस येथे हलवण्यात आली. तेथे अद्याप जंगल शिल्लक होते.

कामाबरोबर कामगार गेले. बहुतेकांनी सॉगटकमध्ये घर केले, आणि त्यांपैकी काहींनी ते शब्दशः सोबत नेले. त्या काळची मिशिगनमधील घरे बारीक वासे आणि खिळे यांवर उभारलेल्या हलक्या सांगाड्याची असत. विटा-दगडांच्या वाड्यांची सवय असलेल्या वाचकास हे चमत्कारिक वाटेल, पण असे घर पायावरून उचलून लाकडी रुळांवर सरकवता येई, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून ओढता येई किंवा तराफ्यावरून नेता येई. सिंगापूरमधील अनेक इमारती अशा रीतीने वरच्या अंगाला सॉगटकमध्ये आणल्या गेल्या. बँकेची म्हणून ओळखली जाणारी इमारत तेथील बटलर स्ट्रीटवर आजही दाखवली जाते. जी घरे हलवण्याजोगी नव्हती त्यांच्या फळ्या लोकांनी काढून नेल्या.

वाळू

वाऱ्याने हलणाऱ्या वाळूचे कण लहान लहान उड्या घेत पुढे सरकतात. प्रत्येक कण खाली पडताना इतर कणांना उडवतो, आणि वारा टिकून राहिला तर टेकडीच्या वाऱ्याकडील उतारावरची वाळू माथ्यावरून पलीकडे ओघळत राहते. अशा प्रकारे सारी टेकडी संथपणे वाऱ्याच्या दिशेने चालू लागते. तिला थांबवण्याचे काम मॅरम जातीचे गवत करते. त्याची मुळे आणि आडवी खोडे वाळूला जाळ्यासारखी धरून ठेवतात, आणि वाळू वर साचली तरी गवत तिच्यातून पुन्हा वर येते. मागच्या बाजूचे वृक्ष वाऱ्याचा वेग मोडतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुरूची बने लावण्यामागेही हाच उद्देश असतो. झाडे तोडली, ओंडके ओढताना गवत तुडवले गेले आणि घसरगाड्यांच्या वाटा पडल्या की टेकडीला जखम होते. वारा तीच रुंदावत जातो आणि तेथून वाळू आत घुसते.

सिंगापूरमध्ये हेच झाले. आवरण गेलेली वाळू रिकाम्या गावात शिरली. दरवाजे-खिडक्यांपासून छपरांपर्यंत ती चढत गेली. एका रहिवाशाविषयी अशी गोष्ट सांगतात की, तीन मजली घर सोडण्यास त्याने नकार दिला, आणि खालचे मजले वाळूत गेल्यावर तो वरच्या मजल्याच्या खिडकीतून ये-जा करीत राहिला. ही गोष्ट कितपत खरी आहे ते सोडून दिले तरी तिच्यातून एक बाब सूचित होते. वाळूचे येणे संथ होते. तिने कोणालाही झोपेत गाठले नाही आणि तिच्याखाली कोणी सापडून मेल्याची कथाही नाही. वाळू रोज फावड्याने बाजूला काढणारे लोक गावात असते, तर कदाचित काही काळ तिला अडवता आले असते. अडवण्यासाठी कारण उरले नव्हते.

दंतकथा आणि इतिहास

सिंगापूरला 'मिशिगनचे पाँपेई' म्हणण्याची प्रथा आहे. इटलीतील पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली माणसे, भांडी आणि भाकऱ्यांसह गाडले गेले. सिंगापूरबाबत ही उपमा दिशाभूल करणारी आहे. स्थानिक इतिहासकार किट लेन यांनी या गावावरील आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच त्यास मिशिगनचे 'काल्पनिक' पाँपेई म्हटले आहे. वाळूखाली जसेच्या तसे उभे असलेले गाव सापडण्याची अपेक्षा त्यामुळे फोल ठरते, कारण घरांचा मोठा भाग आधीच हलवला किंवा मोडून नेला गेला होता. पाये, खांब आणि गिरण्यांचा कचरा एवढेच खाली राहिले असण्याचा संभव आहे.

तरीही दंतकथा टिकून आहे आणि तिचे आकर्षण समजण्यासारखे आहे. वाळूने गिळलेले गाव ही एका वाक्यात सांगता येणारी गोष्ट आहे. खोऱ्यातील पाइन कापला गेला, भांडवल उत्तरेला सरकले आणि मजुरांनी बाडबिस्तरा उचलला, ही गोष्ट मिशिगनमधील शेकडो गिरणी-गावांची होती. ती गावे अशीच उठली, फक्त त्यांच्या जागेवर शेत, रान किंवा दुसरे गाव आले. १८७० नंतरची सुमारे दोन दशके मिशिगन हे अमेरिकेतील लाकूड-उत्पादनात आघाडीचे राज्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे श्वेत पाइनचे जंगल बहुतांशी नाहीसे झाले आणि हा व्यवसाय आधी विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडे व नंतर दक्षिणेकडे व पॅसिफिक किनाऱ्याकडे गेला.

आजची स्थिती

सिंगापूरच्या जागेची भूरचनाही आता पूर्वीची राहिलेली नाही. नदीचे मुख गाळाने भरत असल्याने १९०६ मध्ये वळण टाळून सरोवरापर्यंत सरळ वाट काढण्यात आली. जुने पात्र तुटून तेथे एक खाजण उरले. त्याच्या काठी १९१० मध्ये शिकागोच्या कलाकारांनी ऑक्स-बो ही कलाशाळा सुरू केली आणि ती अजून चालू आहे. १८३९ चे दीपगृह लाटांनी खचल्यामुळे १८५९ मध्ये त्याच्या जागी दुसरे बांधण्यात आले होते. ते १९५६ मधील चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले. सॉगटकने लाकडानंतर फळबागा, विशेषतः पीच, आणि पुढे पर्यटन यांवर आपला निर्वाह चालवला. तेथील ग्रामसभागृहासमोर सिंगापूरचे स्मरण करून देणारा राज्य शासनाचा इतिहास-फलक आहे.

गावाची मूळ जागा खासगी मालकीची असून वाळूच्या टेकड्यांमध्ये आहे. २००६ मध्ये ऊर्जा-उद्योजक ऑब्री मॅकक्लेंडन यांनी नदीच्या मुखाजवळील सुमारे ४०० एकर जमीन विकत घेतली आणि तेथील बांधकामाच्या योजनेवरून सॉगटक टाउनशिपशी दीर्घ न्यायालयीन वाद झाला. नदीच्या दक्षिणेकडील भाग पुढे संरक्षित नैसर्गिक क्षेत्र म्हणून राखला गेला. उत्तरेकडील भाग मॅकक्लेंडन यांच्या निधनानंतर दुसऱ्या मालकांकडे गेला आणि तेथे घरे व बोटी लावण्याचा धक्का यांची योजना पुढे आली. टेकड्यांची नाजूक रचना, मूलनिवासी समाजांचा या किनाऱ्याशी असलेला संबंध आणि वाळूखालील सिंगापूरचे अवशेष या तिन्ही कारणांसाठी स्थानिक संघटनांनी तिला विरोध केला.